चुकीएवढीच शिक्षा मागतोय, माफी नाही

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका निवृत्त साहेबांनी लिहिलं, ‘सरकारने निर्णय घेतला की घेतला. कोर्टाने त्यात नाक का खुपसायचं? त्यांना कुणी निवडून दिलंय?’ खाली टाळ्यांची रांग. रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसांच्या टाळ्या. तिथे तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

माझा मामा एका सरकारी कार्यालयात शिपाई होता. राहायला लालबागला. गणपतीला गावी गेला, तिथे आजीला अर्धांगाचा झटका आला, मामा थांबला. रजा वाढवून मागणारा अर्ज पोस्टाने पाठवला. तो उशिरा पोचला की कुणी फायलीला लावलाच नाही, देव जाणे. परत आल्यावर हातात चार्जशीट, मग चौकशी, मग बडतर्फी. त्याआधी साधा मेमो नाही. वेतनवाढ रोखा, रजा बिनपगारी करा, काहीही करता आलं असतं. नाही. थेट घरी बसवलं.

कोर्टात गेलो. मला वाटलं होतं, शिक्षा जास्त आहे का एवढं विचारतील. विचारलं ते भलतंच: कुठलाही शहाणा अधिकारी असा निर्णय घेऊच शकला नसता, इतका हा अविवेकी आहे का? तेवढा नाही, असं ठरलं. मामा हरला.

ही कसोटी इंग्लंडमधल्या वेडन्सबरी गावची. तिथल्या पालिकेने रविवारी सिनेमा दाखवायला परवानगी दिली, पण अट घातली की १५ वर्षांखालची मुलं नकोत, आईबाप सोबत असले तरी. थिएटरवाले कोर्टात गेले आणि १९४७ मध्ये हरले. लॉर्ड ग्रीन यांनी निकालात अविवेकाचं उदाहरण दिलं ते केस लाल म्हणून नोकरीवरून काढलेल्या शिक्षिकेचं. इतकं अचाट काही असेल तरच कोर्ट हात घालणार! आता सांगा, कुठला साहेब ऑर्डरमध्ये असं लिहून देईल? तो ‘कार्यालयीन शिस्त’ लिहितो आणि सुटतो.

दुसरी कसोटी आहे, प्रमाणबद्धतेची. हेतू योग्य होता का, उपाय त्या हेतूला लागू पडतो का, कमी नुकसान करणारा मार्ग होता का, आणि माणसाचं जे गेलं ते सरकारने साधलं त्याच्या मानाने फार तर नाही ना. यातला तिसरा प्रश्न मामाच्या साहेबाला एकदा विचारला असता तर तो काय बोलला असता? पण कुणी विचारलाच नाही. पोटात आग पडते आठवलं की.

आपल्या सुप्रीम कोर्टाला हे माहीत नाही असंही नाही. १९८७ चं रणजित ठाकूर प्रकरण वाचा. सैनिक जेवण जेवायला नाही म्हणाला, तर वर्षाची सक्तमजुरी आणि वर बडतर्फी. कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. २०१९ मध्ये आपल्याच राज्याची, शाळा-देवळांपासून एक किलोमीटरच्या आत डान्सबार नको, ही अट उडवली. डान्सबारचं मला काडीचं प्रेम नाही, पण मुंबईत शाळा नाही, देऊळ नाही असा एक किलोमीटर दाखवा मला.

मग अडलं कुठे? २००० साली ओमकुमार प्रकरणात कोर्टाने दोन खाती केली. मूलभूत स्वातंत्र्यावर घाला आला किंवा भेदभाव झाला तर प्रमाणबद्धता. नोकरीतली शिक्षा मनमानी आहे एवढंच म्हणणं असेल तर तीच जुनी वेडन्सबरी. पुढे २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल आला, तिथेही प्रमाणबद्धतेची भाषा. आणि शिपायाची भाकरी गेली तर ढिली कसोटी का? १९८५ मध्ये याच मुंबईच्या फुटपाथवाल्यांच्या केसमध्ये उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे म्हणालात ना?

हो, न्यायाधीशांनी टेंडर काढत बसू नये, कबूल. तिकिटाचे पैसे खाणाऱ्या कंडक्टरला काढलं तर रक्कम लहान होती म्हणून कोर्ट वाचवत नाही, तेही समजू शकते. मामाने पैसे खाल्ले नव्हते.

२०१२ मध्ये कृष्णकांत परमार यांच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की नाइलाजाने झालेली गैरहजेरी ही मुद्दाम केलेली गैरहजेरी नव्हे. मी तो निकाल मामीला वाचून दाखवला. आमची केस तोवर संपली होती. मामीने विचारलं, ‘मग आता पेन्शन मिळेल?’ मी काय सांगणार होते तिला?

ग्रुपवरच्या साहेबांवर माझा राग नाही खरं तर. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी आयुष्यभर ऑर्डरवर सही केली, ऑर्डर हातात घेणारं घर पाहिलं नाही. माझं मागणं वकील मित्रांकडे आहे. ओमकुमारमधली ही दोन खाती मोडावीत, नोकरीतल्या शिक्षेलाही प्रमाणबद्धतेची पूर्ण कसोटी लावावी, असं कुणी कुठे मांडत असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा. मामाच्या चौकशीचे सगळे कागद माझ्याकडे आहेत. उपयोगी पडणार असतील तर झेरॉक्स काढून घरी आणून देईन.