‘ताई, रागावू नका’ : ‘अंद नाळ’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी ‘अंद नाळ’वर लिहिलं होतं. ‘अंद नाळ’ म्हणजे ‘तो दिवस’, १९५४ चा तमिळ रहस्यपट. त्यावर ‘परखड’ असं नाव धारण केलेल्या एका वाचकांची भलीमोठी प्रतिक्रिया आली. ती सगळ्यांनी वाचली नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. खुनी कोण ते मी फोडलं. कुरोसावाच्या जपानी ‘राशोमोन’च्या नकलेचा विषय एका ओळीत गुंडाळला. चित्रपट पडला कारण ‘त्या काळच्या प्रेक्षकांची तयारी नव्हती’ असं मी लिहिलं, त्याला आधार काय? न आवडणं म्हणजे न कळणं नव्हे. शेवटचा देशभक्तीचा डोस मी निमूट गिळला. आणि चित्रपट ‘संगीतविरहित’ असल्याचं लिहिलं, ते साफ चूक.

हे सगळं ठीक. पण मधेच एक वाक्य आहे, ते जसंच्या तसं देते : ‘ताई, रागावू नका, पण कोथरूडमध्ये बसून सबटायटल वाचत तमिळ सिनेमाची समीक्षा करणं म्हणजे पंगतीचा फोटो बघून आमटीत मीठ किती ते सांगणं.’

रागावले नाही. दोन दिवस जाऊ दिले आणि मग लिहायला बसले, यावरूनच ओळखा.

आधी चूक कबूल करून टाकते, म्हणजे तेवढं तरी तुमच्या पदरात पडेल. ‘संगीतविरहित’ हा शब्द चुकला. चित्रपटाला पार्श्वसंगीत आहे, गाणी नाहीत. एकही नाही, नाच नाही, मारामारीही नाही. तमिळमधला अशा तऱ्हेचा हा पहिला चित्रपट. आपल्याकडे लोक हिंदी ‘कानून’चं कौतुक करतात की बिनगाण्याचा रहस्यपट काढला. तो १९६० चा. म्हणजे मद्रासला हे सहा वर्षं आधी झालं होतं. तर शब्द चुकला, मान्य.

आता ते वाक्य. ‘रागावू नका, पण’ अशी सुरुवात करणाऱ्या माणसाला समोरच्यानं रागवायलाच हवं असतं, हे मला बँकेच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढल्यावर कळलेलं आहे. ‘मॅडम, रागावू नका, पण तुम्हाला नीट मोजता येतं का?’ असं विचारणारेही असत. तुम्ही ‘ताई’ म्हणालात. मी तुमची ताई कधी झाले? लेख आवडला नसेल तर तसं सरळ म्हणा. वर नात्याची साखर कशाला पेरायची? आणि कोथरूड! पुण्याबाहेरच्या माणसाला कुणालाही टोमणा मारायचा झाला की कोथरूड आठवतं. मी इथे राहायला आले २००९ मध्ये, निवृत्तीनंतर, कारण इथल्या इमारतीला लिफ्ट होती आणि माझे गुडघे गेले होते. समीक्षेशी या गोष्टीचा काडीचाही संबंध नाही.

जन्म माटुंग्याचा. किंग्ज सर्कलपासून चालत पाच मिनिटांवर आमची चाळवजा इमारत होती, बारा बिऱ्हाडांत आमचं आणि आणखी एक सोडलं तर बाकी सगळे तमिळ. सकाळी जाग यायची ती कॉफी कुटल्याच्या वासानं आणि समोरच्या दारात कोलम, म्हणजे त्यांची रांगोळी, काढणाऱ्या बाईच्या बांगड्यांनी. भांडारकर रोडच्या आस्तिक समाजात मी जितक्या वेळा प्रसादाला गेले असेन तितक्या वेळा कुठल्याही मराठी देवळात गेलेली नाही. (आई यावरून ओरडायची.) सर्कलवर अरोरा थिएटर होतं, तिथे तमिळ चित्रपट लागायचे आणि शिवाजी गणेशनचा नवा चित्रपट आला की आमच्या इमारतीत त्या दिवशी स्वयंपाक लवकर उरकायचा. मी सात वर्षांची असल्यापासून तळमजल्यावरच्या मामींबरोबर अरोराला जात होते. तेव्हा पडद्याखाली अक्षरं उमटत नव्हती, साहेब. मामी कानात कुजबुजून सांगायच्या, तेही तमिळमध्येच, फक्त सोप्या तमिळमध्ये.

‘अंद नाळ’ मी पहिल्यांदा पाहिला नाही, ऐकला. आणि कुठे, तर मामींच्या स्वयंपाकघरात. इडलीचं पीठ वाटायचा तो दगडी आट्टुक्कल असतो ना, खाली खळगा आणि वर फिरणारा गुंडा, त्याच्यासमोर मामी एक पाय पसरून बसायच्या. उजव्या हातानं गुंडा फिरवायचा, डाव्या हातानं कडेचं पीठ आत ढकलायचं. हात चालू, तोंडही चालू. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आम्हा तीन पोरींना ही गोष्ट चार दुपारी पुरवून पुरवून सांगितली. मद्रासवर जपान्यांनी बॉम्ब टाकले ती ऑक्टोबर १९४३ मधली रात्र. अर्धं शहर घरं सोडून गेलेलं. सकाळी एका घरात गोळीचा आवाज, आणि राजन नावाचा रेडिओ इंजिनिअर मरून पडलेला. इथे मामी गुंडा थांबवायच्या. हात तसाच दगडावर, बोटांवरून पांढरं पीठ ओघळतंय. आणि मग म्हणायच्या, ‘शिवाजी मेला. पहिल्याच मिनिटात.’

हे आज कुणाला विशेष वाटणार नाही. पण शिवाजीचा पहिला चित्रपट ‘पराशक्ती’ येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, तो माणूस पडद्यावर आला की लोक पुढचे अडीच तास त्याचं बोलणं ऐकायच्या तयारीनं बसायचे, आणि इथे तो आल्या आल्या कोसळतो. मग सीआयडी अधिकारी शिवानंदम येतो आणि एकेकाला विचारायला लागतो. शेजारी म्हणतो धाकट्या भावानं मारलं. भावाला स्वतःच्याच बायकोची शंका. ती बोट दाखवते राजनच्या बाहेरच्या बाईकडे. आणि ती बाई पुन्हा शेजाऱ्याकडे. मामी प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायच्या. भावाची बायको कशी फणकाऱ्यानं बोलते ते त्या करायला लागल्या की आम्ही हसून लोळायचो. शेवटी खुनी कोण ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ‘मोठ्या व्हा, स्वतः बघा.’

तर तमिळ मी अशी शिकले. वाचायला आजही अडखळते, बसच्या पाट्या वाचेपर्यंत बस निघून जाते, हे खरं आहे. पण ऐकते ती भाषा. नवरा-बायकोच्या बोलण्यात ‘नी’ (तू) कधी येतं आणि ‘नीङ्ग’ (तुम्ही) कधी, घरातली मोठी बाई रागावली की कुठला शब्द गाळते, हे सबटायटलमध्ये नसतंच, तिथे दोन्हींचं ‘यू’ होतं. हो, या वेळी पाहताना सबटायटल लावली होती. आमच्या ह्यांना तमिळ येत नाही, आणि जुन्या प्रतीचा आवाज इतका घोगरा आहे की निम्मं मलाही ऐकू येत नव्हतं. त्यासाठी कुणाची परवानगी काढायची हे मला माहीत नव्हतं.

आणि समजा मला तमिळचं एक अक्षर येत नसतं, तरी? आमच्या पिढीनं रविवारी दुपारी दूरदर्शनवर बंगाली पाहिलं, मल्याळम पाहिलं, ओडिया पाहिलं, ते खालच्या इंग्रजी ओळी वाचतच. त्यावर वाद घातले, रडलोसुद्धा. तुम्ही कुरोसावाचं नाव एवढ्या झोकात घेता. जपानी कुठे शिकलात? माटुंग्याला जपानी मामी नव्हत्या, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

पुण्यात बसून या दिग्दर्शकावर लिहू नये, असं सुचवलंत म्हणून आणखी एक. ‘अंद नाळ’चे दिग्दर्शक एस. बालचंदर हे वीणावादक म्हणून जगाला ठाऊक आहेत, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालेले. ते चिमुरडे असताना पहिल्यांदा पडद्यावर आले ते १९३४ च्या ‘सीता कल्याणम्’मध्ये. हा तमिळ चित्रपट काढला होता कुणी? प्रभातनं! बाबूराव पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली. त्यात राम झाले होते बालचंदर यांचे थोरले भाऊ राजम, आणि सीता झाली होती सख्खी बहीण जयलक्ष्मी. भावा-बहिणीला राम-सीता केलं म्हणून तेव्हा ओरडाही झाला. रावणाच्या दरबारात वाद्य वाजवणारा छोटा मुलगा, तो बालचंदर. प्रभातचा स्टुडिओ आज फिल्म इन्स्टिट्यूट म्हणून उभा आहे, माझ्या घरून रिक्षानं फार तर दहा मिनिटं. तेव्हा पुण्याचा आणि या माणसाचा काय संबंध, हे विचारताना जरा जपून.

‘राशोमोन’बद्दल. ‘नक्कल’ हा शब्द तुम्ही तीनदा वापरलात. १९५२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘राशोमोन’ भारतात दाखवला गेला, आपल्याकडच्या कितीतरी दिग्दर्शकांच्या डोक्यात तो घुसला, बालचंदर यांच्याही. हे मी लेखात म्हटलंय. पण दोन्ही चित्रपट खरंच पाहिले असतील तर सांगा : ‘राशोमोन’मध्ये सगळे एकाच घटनेबद्दल बोलतात आणि प्रत्येकाची ती घटना निराळी निघते. खरं काय, ते शेवटपर्यंत कळत नाही, कळावं असा हेतूही नाही. ‘अंद नाळ’मध्ये साक्षीदार एकच प्रसंग फिरवून सांगत नाहीत. ज्यानं त्यानं राजनशी आपलं जे वाकडं होतं ते सांगायचं आणि संशय पुढच्याच्या गळ्यात टाकायचा, असा खेळ आहे. आणि शेवटी सत्य सापडतं, पुराव्यासकट. ही चौकशीची गोष्ट आहे, कुरोसावाची नाही. साम्यच काढायचं तर १९५० चा अँथनी ॲस्क्विथचा इंग्रजी ‘द वुमन इन क्वेश्चन’ जास्त जवळचा वाटतो, तिथेही मेलेलं माणूस प्रत्येक साक्षीत वेगळं दिसतं. पण तो चित्रपट पाहिलेले लोक कमी, आणि ‘राशोमोन’ म्हटलं की काम भागतं. पटकथा जावर सीतारामन यांची, आणि सीआयडी अधिकारी झालेत तेही तेच. ज्यानं कोडं घातलं तोच पडद्यावर ते सोडवत फिरतो. ही गंमत तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत कुठे नाही. असो.

राहिला प्रेक्षकांचा मुद्दा. मी ‘तयारी नव्हती’ म्हटलं, ‘अडाणी’ म्हटलेलं नाही, तो तुमचा शब्द. चित्रपट धंद्यात पडला, हे तुम्हीही नाकारत नाही. त्याच वर्षी एमजीआरचा ‘मलैक्कळ्ळन’ धो धो चालला आणि त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदकही मिळालं. ‘अंद नाळ’ला गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे पाठीवर थाप आणि खिसा रिकामा. यातून जे दिसतं ते मी लिहिलं.

मामींनी हा चित्रपट एप्रिल १९५४ मध्ये मद्रासला पाहिला होता, लग्नानंतरचा पहिला. मामा मध्यंतरापर्यंत गाण्याची वाट बघत बसले. मग म्हणाले, आता येईल. मग पुन्हा म्हणाले, आता येईल. संपल्यावर बाहेर येऊन एकच वाक्य : ‘पाट्टे इल्लै!’ गाणंच नाही. घरी जाईपर्यंत ते धुसफुसत होते, की एवढे पैसे देऊन एक गाणंसुद्धा गुणगुणायला मिळू नये. मामींना मात्र सगळं कळलं होतं, इतकं की वीस वर्षांनी आम्हाला संवादासकट सांगता आलं. मामांनाही कळलं असणार म्हणा, खुनी कोण ते त्यांनी मध्यंतरालाच ओळखल्याचं मामी सांगायच्या. फक्त आवडला नाही. हे तुमच्या बाजूनं जातंय असं तुम्हाला वाटलं तर वाटो, मी मामांची गोष्ट सांगतेय, तुमची नाही.

खुनी फोडला, ही तक्रार सत्तर वर्षांच्या चित्रपटाबद्दल मी मनावर घेणार नाही. पंडरीबाईंनी केलेली उषा, राजनची बायको, तिच्याच हातून गोळी सुटते. झालं, पुन्हा सांगितलं. शेवटाचा ‘डोस’ म्हणाल तर, आपल्या संशोधनाची देशात कदर झाली नाही म्हणून चिडलेला माणूस जपान्यांना गुपितं विकतो आणि बायको त्याच्यासमोर पिस्तूल घेऊन उभी राहते. यात प्रचार आहे का? आहे थोडा. स्वातंत्र्य मिळून सात वर्षं झाली होती, त्या दिवसांत कोण नव्हतं करत? शिवाय तिचा हात थरथरतो, ते बघितलंत का? त्यावर सवडीनं वेगळं लिहीन, आज या एका मुद्द्यावर वाद घालण्याइतकी माझी चहाची वेळ लांबलेली नाही.

लेखातला ‘संगीतविरहित’ हा शब्द काढून आत्ताच ‘गाण्यांविना’ असा केला आहे. खाली चूक दाखवणाऱ्याचं नाव देण्याची माझी पद्धत आहे, पण ‘दुरुस्तीबद्दल परखड यांचे आभार’ हे वाचून ह्यांना इतकं हसू आलं की मी ते तसंच ठेवलंय.