पावसात गायगर काउंटर चढतो, तो कशाने?

दावा असा: ‘पाऊस सुरू झाला की घरच्या गायगर काउंटरवरचा (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरवरचा) आकडा दुप्पट होतो. गाडीचं ओलं बॉनेट पुसून तो कागद मीटरला लावला, तर मीटर थांबतच नाही. म्हणजे ढगांतून अणुभट्टीची घाण खाली येतेय.’ २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुभट्टीच्या अपघातानंतर अमेरिकेतून असे व्हिडिओ भराभर आले. फुकुशिमाच्या जागी तारापूर टाकलं की तोच मजकूर मराठीत खपतो. गंमत म्हणजे यातलं निरीक्षण बरंचसं खरं आहे.

‘आकडा वाढला, म्हणजे वरून काहीतरी नवीन आलं.’

आलं, पण ते आधी जमिनीतूनच वर गेलेलं असतं. माती-खडकातल्या युरेनियमपासून रेडॉन-२२२ हा वायू तयार होतो आणि हवेत मिसळतो. त्याच्या विघटनातून शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ ही किरणोत्सर्गी द्रव्यं बनतात. ते धुळीच्या सूक्ष्म कणांना चिकटून तरंगत राहतात आणि पावसाबरोबर जमिनीवर येतात. शिसे-२१४ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) सुमारे २७ मिनिटं, बिस्मथ-२१४ चं सुमारे २०. म्हणून पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा मूळपदावर येतो.

इथे आपल्या हवामानाचा भाग येतो. समुद्रावरून येणाऱ्या हवेत रेडॉन फार कमी असतो. त्यामुळे जुलैतल्या कोकणच्या संततधारेत वाढ जेमतेम दिसते. जमिनीवरून आलेल्या हवेतला वळवाचा किंवा ऑक्टोबरचा गडगडाटी पाऊस मात्र मीटरला चांगलाच हलवतो. उलट, माती चिंब झाली की पाणी जमिनीतले गॅमा किरण थोडे अडवतं आणि रेडॉनलाही बाहेर पडू देत नाही. आठवडाभर झड लागली तर आकडा नेहमीपेक्षा किंचित खालीच राहतो. ढगांतून सतत घाण येत असती तर हे उलटं झालं असतं.

‘पुसलेला कागद खोटं बोलत नाही.’

नाही बोलत, फक्त त्याला पुरेसा वेळ विचारायला हवं. आधी मीटर घरात एका जागी ठेवून कागदाविना दहा मिनिटांची मोजणी घ्या. मग पाऊस चालू असतानाच टिश्यू पेपरने बॉनेटचा साधारण एक चौरस मीटर भाग पुसा, कागदाची लहान घडी घाला, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि वेळ लिहा. मीटरमधल्या किरण टिपणाऱ्या नळीला, म्हणजे ट्यूबला, अगदी लागून ठेवून दर अर्ध्या तासाने दहा-दहा मिनिटं मोजा. मीटर आणि कागद दोन्ही जागचे हलवू नका. एका सेंटिमीटरचा फरकही आकडा बदलतो. प्रत्येक मोजणीतून पहिली मोजणी वजा करा.

उरलेला आकडा साधारण अर्ध्या-पाऊण तासाला निम्मा होत गेला, तर तो रेडॉनचा परिवार. चार तासांनीही थोडं शिल्लक असेल तर थोरॉनच्या (थोरियमपासून होणाऱ्या रेडॉनच्या) साखळीतलं शिसे-२१२ असू शकतं. त्याचं अर्धायुष्य १०.६ तास, म्हणजे तीन दिवसांत तेही संपतं. अणुभट्टीतून आलेलं आयोडीन-१३१ असतं तर निम्मं व्हायला आठ दिवस लागले असते, सीझियम-१३७ ला तीस वर्षं. व्हिडिओत कागद पुसल्याच्या पहिल्या पाच मिनिटांनंतरचं काही दाखवत नाहीत, तिथेच गोम आहे.

‘मिनिटात १८ चे २८ झाले.’

हे पाऊस नसतानाही होतं. एसबीएम-२० या प्रकारच्या ट्यूबवर मिनिटाला सरासरी २० टिकटिक (एक टिकटिक म्हणजे टिपलेला एक किरण) धरली, तर चढउतार साधारण तिच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे साडेचार. ११ ते २९ पर्यंतचं मिनिट रोजचंच. दहा मिनिटं मोजलं तर २०० अधिक-उणे १४, म्हणजे सात टक्के. तासभर मोजलं तर तीन टक्के.

‘यंत्र आहे, चुकणार कसं?’

ट्यूबला सुमारे ४०० व्होल्ट लागतात आणि वाटेत काही मेगओमचा रोध असतो. दमट हवेत सर्किटबोर्डावर ओल धरली, त्यात सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स तसाच राहिला असेल, तर वीज पृष्ठभागावरून झिरपते: कधी व्होल्टेज पडून आकडा घसरतो, कधी खोट्या टिकटिकी येतात. एसीच्या खोलीतून थेट गॅलरीत नेलेल्या मीटरवर हे हमखास. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मीटर झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवून मगच बाहेर न्या. जे३०५ सारख्या काचेच्या ट्यूबला ऊनही चालत नाही. काळ्या कागदात गुंडाळल्यावर आकडा पडला, तर तुम्ही ऊन मोजत होतात. मोबाइल मीटरला चिकटवून ठेवू नका.

‘आमच्याकडे ताशी ०.१० मायक्रोसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक), हैदराबादला त्याहून जास्त, म्हणजे तिथे गळती.’

दख्खनच्या काळ्या बेसाल्टात युरेनियम-थोरियम कमी, हैदराबादच्या ग्रॅनाइटात जास्त. दोन गावांची तुलना नकोच. आपल्याच जागेची आपल्याच मीटरवरची कोरड्या दिवसांची नोंद ठेवा.

‘कागदावर ताशी दोन मायक्रोसिव्हर्ट!’

बहुतेक घरगुती मीटर टिकटिकींना सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांसाठी ठरवलेल्या एका गुणकाने गुणतात आणि मायक्रोसिव्हर्ट दाखवतात. कागदावरून ट्यूबमध्ये शिरतात ते मुख्यतः बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन). त्यांना तो गुणक लागू नाही, त्यामुळे पडद्यावरचा डोस फुगलेला असतो. अशा चाचणीत मिनिटाच्या टिकटिकीच लिहायच्या, मायक्रोसिव्हर्ट नाही.