निळा रंग उडाला, फ्लोराइड तिथंच राहिलं

सध्या एक व्हिडिओ जोरात फिरतोय. काचेच्या भांड्यात गडद निळं पाणी, त्यात पांढरा थर दिलेला पडदा (मेम्ब्रेन) आणि वर ऊन. थोड्या वेळानं पाणी नितळ. खाली मजकूर: 'टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेलं मेम्ब्रेन उन्हात ठेवा. कुठलंही पाणी पिण्यायोग्य होतं, खारंसुद्धा. वीज नको, रसायन नको. मेम्ब्रेन कधी चोंदत नाही, पाणी वाया जात नाही. आरओचे दिवस संपले.' मला तो पाठवणाऱ्यांपैकी एकानं विचारलं होतं, 'आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, हे बसवू का?' त्या प्रश्नानं मी अस्वस्थ झालो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मुळात हे तंत्र खोटं नाही. फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ साली टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर प्रकाशाच्या मदतीनं पाण्याचं विघटन होतं हे दाखवलं. पुढं पाचच वर्षांत पाण्यातल्या सायनाइडवर हा पदार्थ वापरून झाला. खोटं आहे ते 'कुठलंही पाणी'.

या थरावर योग्य प्रकाश पडला की हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे अस्थिर, क्षणभंगुर तुकडे, तयार होतात. हे कमालीचे आक्रमक असतात. कीटकनाशक, रंगद्रव्य, औषधांचे अवशेष अशा कार्बनी रेणूंचे बंध ते तोडतात आणि पुरेसा वेळ मिळाला तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. फ्लोराइडमध्ये मात्र तोडण्यासारखं काही नाहीच. तो एका मूलद्रव्याचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅमची आहे. ४ मिलिग्रॅमचं पाणी या पडद्यासोबत दिवसभर उन्हात ठेवलं तर संध्याकाळी ते जवळपास ४ मिलिग्रॅमचंच असेल. वाफ होऊन थोडं पाणी उडालं असेल, तर प्रमाण वाढलेलंही असेल.

आर्सेनिकची गोष्ट थोडी वेगळी आणि मला फार आवडणारी आहे. भूजलात ते बऱ्याचदा आर्सेनिक-३ या रूपात असतं. एरवीच्या पाण्यात त्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते आरओमधूनही काही प्रमाणात निसटतं. प्रकाश-उत्प्रेरणानं, म्हणजे या थरावर प्रकाशामुळे होणाऱ्या क्रियेनं, त्याचं आर्सेनिक-५ होतं, त्यावर भार येतो आणि मग मेम्ब्रेन किंवा शोषक त्याला नीट अडवू शकतो. म्हणजे थरानं आर्सेनिकचं रूप बदललं, ते पाण्यातून काढलं दुसऱ्याच टप्प्यानं. तो दुसरा टप्पा नसेल तर ग्लासात आर्सेनिक आहे तेवढंच.

आता 'डोळ्यांसमोर स्वच्छ झालं' याबद्दल. व्हिडिओतला रंग बहुधा मिथिलीन ब्लू आहे. अशा प्रात्यक्षिकांत तोच असतो. शाळेतला निळ्या बाटलीचा प्रयोग आठवतो का? अल्कलीयुक्त ग्लुकोजच्या द्रावणात हाच रंग असतो. बाटली ठेवून दिली की निळा रंग जातो, हलवली की हवेतला ऑक्सिजन मिसळून परत येतो. त्यात रेणू मोडलेला नसतो, नुसतं रूप बदललेलं असतं. शिवाय मिथिलीन ब्लू स्वतः प्रकाश शोषतं आणि काही अंशी त्यानंच फिकं पडतं. रेणू खरंच मोडला तरी मधले तुकडे बिनरंगी असू शकतात, आणि ते कधीकधी मूळ पदार्थाइतकेच त्रासदायक ठरतात. म्हणून रंग गेला का, हे बघून भागत नाही. सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन) आणि एकूण सेंद्रिय कार्बन किती उतरला, ते मोजावं लागतं. व्हिडिओत असा एकही आकडा नाही.

'ऊन पुरेसं आहे' हेही अर्धंच खरं. या पदार्थाच्या नेहमीच्या अ‍ॅनाटेज रूपाला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा लागते, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचे किरण. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात अतिनील किरण जेमतेम ४ ते ५ टक्के. पाणी गढूळ असलं तर तेही थरापर्यंत पोचत नाहीत. शिवाय रॅडिकल मायक्रोसेकंदांत संपतो, त्यामुळे काम होतं ते थराला लागूनच. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट क्षार त्यातले बरेच रॅडिकल फुकट खाऊन टाकतात. डिस्टिल्ड वॉटरमधला निकाल विहिरीच्या पाण्यात मिळत नाही, तो यामुळे.

आणि खारं पाणी? समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे मेम्ब्रेनमधून गोडं पाणी काढताना ज्यावर मात करावी लागते तो दाब, सुमारे २७ बार असतो. निम्मं पाणी गोडं करून घ्यायचं तर घनमीटरला किमान १ युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. ही निसर्गाची अट आहे, कुठलाही थर ती कमी करू शकत नाही. वीज सौर पॅनेलची असली तरी मेम्ब्रेनमधून खारं पाणी ढकलायला पंप हा लागणारच.

मेम्ब्रेन चोंदत नाही, हा दावा वाचून मला सर्वांत वाईट वाटलं. वापरलेलं आरओ मेम्ब्रेन कापून उलगडलेलं मी पाहिलंय: गुंडाळीच्या आत तपकिरी, बुळबुळीत साय, बोटानं ओढली की निघणारी. ही गुंडाळी इतकी घट्ट असते की आत उजेडाचा किरण शिरत नाही. मग तिथं प्रकाशानं चालणारी सफाई कशी होणार? सपाट, उघड्या पडद्यावर थोडा फायदा होतो, पण कॅल्शियमचे क्षार आणि सिलिका तिथंही हटत नाहीत. शिवाय सेंद्रिय घाण खाणारा रॅडिकल पॉलिमरचा पडदाही खातो. म्हणूनच या कामासाठी सिरॅमिक मेम्ब्रेनकडे वळलेले संशोधक बरेच आहेत.

पाणी वाया जात नाही म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचंय: अडवलेले क्षार कुठं गेले? ते वाहून न्यायला पाणी नको का?

आरओचे दिवस संपले असते, तर कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत सांडपाण्यापासून भूजल भरणाऱ्या प्रकल्पात तो टप्पा दिसला नसता. २००८ पासून तिथं आधी मायक्रोफिल्ट्रेशन (बारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून गाळणं), मग आरओ आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडसह अतिनील प्रकाश असा क्रम आहे. आरओमधून १,४-डायऑक्सेनसारखे छोटे, भार नसलेले रेणू निसटतात, त्यांना रॅडिकल गाठतात. मेम्ब्रेन अडवतं, रॅडिकल तोडतो. हे रॅडिकल टायटॅनियमच्या थरातून आलेले नाहीत हेही लक्षात घ्या. दिव्यांवर चालणाऱ्या टायटॅनियमच्या पद्धतीत एखाद्या प्रदूषकाचं प्रमाण दहापट उतरवायला घनमीटरला १०० युनिटपेक्षा जास्त वीज लागल्याचं प्रसिद्ध झालेल्या तुलनांमध्ये दिसतं. पेरॉक्साइडच्या पद्धतीत साधारण १ युनिटच्या आत भागतं.

फ्लोराइडचं विचारणाऱ्याला मी कळवलं: हे बसवू नका. आधी प्रयोगशाळेतून फ्लोराइड आणि एकूण क्षार तपासून घ्या. क्षारही जास्त असतील तर आरओ, फ्लोराइड एकटंच जास्त असेल तर अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना, म्हणजे फ्लोराइड शोषून घेणारे सच्छिद्र दाणे. त्याची शोषण्याची क्षमता संपत जाते, म्हणून गाळलेलं पाणी ठरावीक काळानं पुन्हा तपासायचं. आणि तोवर हे पाणी लहान मुलांना पिऊ देऊ नका.