फ्लॅननचे तिघे ‘गूढरीत्या’ गेले नाहीत

स्कॉटलंडच्या फ्लॅनन बेटांवरच्या दीपगृहाबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो. डिसेंबर १९०० मध्ये तिथले तीन राखणदार मागमूसही न ठेवता गायब झाले; टेबलावर अर्धवट जेवण, उलटलेली खुर्ची, दीपगृहाच्या नोंदवहीत ‘मॅकआर्थर (तिघांपैकी एक) रडतोय’ अशी नोंद; आणि त्या धसक्याने तिथे माणसं ठेवणंच बंद झालं. तिघे गेले हे खरं. बाकीचं बहुतेक पदरचं.

जेवण आणि खुर्ची विल्फ्रिड गिब्सन यांच्या १९१२ च्या कवितेतून आली. २६ डिसेंबरला बदलीसाठी बेटावर उतरलेल्या जोसेफ मूरला भांडी घासलेली दिसली, दिव्याची भिंगं पुसलेली, तेल भरलेलं. रात्रीची तयारी करून ते बाहेर पडले होते.

खऱ्या वहीत १३ तारखेपर्यंतच्या नोंदी आहेत. १५ च्या सकाळी ९ वाजताचं हवामान पाटीवर टिपलेलं होतं. रडण्याच्या ओळी छापल्या गेल्या जवळपास तीन दशकांनी, एका अमेरिकन मासिकात.

माणसं बंद झाली म्हणे! दिवा पेटला डिसेंबर १८९९ मध्ये, स्वयंचलित झाला २८ सप्टेंबर १९७१ ला. म्हणजे अपघातानंतरही सत्तर वर्षं राखणदार तिथे राहिले. पुढे स्कॉटलंडची सगळीच दीपगृहं स्वयंचलित झाली. शेवटचं फेअर आयल साउथ, १९९८ मध्ये.

राहिलं ‘मागमूसही नव्हता’. मागमूस पश्चिमेच्या धक्क्यावर होता, ढळढळीत. समुद्रापासून ११० फूट उंचीवर, खडकाच्या कपारीत ठेवलेली दोरखंडांची पेटी फुटून दोर विखुरले होते. लोखंडी कठडे वाकले होते, टनाहून जड दगड जागचा हलला होता, २०० फूट उंचीवरचं गवत मुळासकट उपटलं गेलं होतं. हे सारं टिपलं दीपगृहांचे अधीक्षक रॉबर्ट म्यूरहेड यांनी. ७ डिसेंबरला बेटावर येऊन गेलेले, तिघांशी हात मिळवून निरोप घेणारे शेवटचे तेच. त्यांचा निष्कर्ष असा की १५ च्या दुपारी ते तिघे पेटी सांभाळायला उतरले आणि एका प्रचंड लाटेने त्यांना ओढून नेलं.

तिघांपैकी जेम्स डुकॅट आणि थॉमस मार्शल यांचे समुद्री बूट आणि पावसाळी कपडे जागेवर नव्हते. घालूनच गेले होते. डोनाल्ड मॅकआर्थरचा कोट मात्र आतच राहिला होता. त्या थंडीत तो नुसत्या शर्टावर बाहेर पडला. मला वाटतं, साथीदारांसाठी धावला असावा. डुकॅटची चार आणि त्याची दोन मुलं मागे राहिली.