जुन्या मालिकेची आठवण काढताना घ्यावयाची काळजी

वयाची पंचेचाळिशी गाठलेल्या, ठाण्यात निदान वीस वर्षे घरपट्टी भरलेल्या आणि आपल्या लहानपणी सगळेच बरे होते याबद्दल तिळमात्र शंका नसलेल्या वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. रात्रीच्या जेवणाच्या वेळी, कुणीही काही विचारलेले नसताना, ‘मालिका असायच्या त्या आमच्या वेळी’ असे म्हणून सुस्कारा सोडणे हे काम दिसायला सोपे असले तरी पूर्वतयारीशिवाय ते करू नये, कारण एखादा उद्धट श्रोता ‘कोणत्या?’ असे विचारतो आणि आपली त्रेधा उडते. तेव्हा आधी एक मालिका ठरवून घ्यावी. माझी शिफारस ‘हम पाँच’ची आहे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मराठीत आहे आणि फार चांगली आहे, हे मला मान्य आहे. पण टिपऱ्यांच्या घरातली माणसे भांडून झाल्यावर तरी एकमेकांचे ऐकून घेतात, आणि उसासे टाकण्यासाठी घर याहून बरेच बेशिस्त असावे लागते.

माथुरांचे घर त्या दृष्टीने निर्दोष होते. १९९५ साली झी टीव्हीवर सुरू झालेल्या या मालिकेत आनंद माथुर नावाचा गृहस्थ, त्याची दुसरी बायको बीना आणि दोन्ही संसारांच्या मिळून पाच मुली एका घरात राहत असत. थोरली मीनाक्षी स्त्रीमुक्तीचे भाषण करूनच चहा पिणार, राधिका पुस्तकात बुडालेली आणि कानांनी जरा कमी, स्वीटीला विश्वसुंदरी व्हायचे, काजलला सगळ्यांनी ‘काजल भाई’ म्हणायचे आणि धाकटी छोटी घरातली बातमी घरात राहू द्यायची नाही. शेजारच्या पूजाबाईंना कुणी ‘आंटी’ म्हटले की त्यांचा पारा चढे, म्हणून सगळे त्यांना आंटीच म्हणत. या सगळ्यांच्या वर, भिंतीवरच्या चौकटीत, माथुरांची दिवंगत पहिली पत्नी असे आणि ती फोटोतून नवऱ्याशी बोले. ही एवढी माहिती पाठ असली की वर्षभराच्या जेवणांची सोय होते.

यानंतर आपण ही मालिका कशी पाहिली हे सांगण्याचा प्रसंग येतो. येथे ‘आम्ही सगळे एकत्र बसून पाहायचो’ या वाक्याला पर्याय नाही. ते खरे असण्याची गरज नसते. माझेच उदाहरण देतो. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या जागेत केबलची काळी तार समोरच्या इमारतीवरून, मधल्या आंब्याच्या झाडाला वळसा घालून, खिडकीच्या गजांतून आत येत असे आणि तारेवर कावळा बसला की चित्रावर पट्टे येतात असा आत्याचा सिद्धान्त होता. मालिका लागली की आत्या, आजी, धाकटा भाऊ आणि मटार सोलायची परात घेऊन आलेल्या शेजारच्या काकू असे सगळे बाहेरच्या खोलीत बसत. अण्णा ‘काय हा पोरखेळ’ असे म्हणून वर्तमानपत्र तोंडासमोर उभे धरत. त्या वर्तमानपत्राची वरची कड अर्धा तास थरथरत असे, पण पान काही उलटले जात नसे. माझी दहावी होती. मला भूगोलाचे पुस्तक देऊन स्वयंपाकघरात बसवलेले होते.

म्हणजे जी मालिका एकत्र पाहिल्याची आठवण मी गेली तीस वर्षे सांगत आलो आहे, ती मी मुख्यतः ऐकली. पडदा आणि चौकट यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. तिच्यातून टीव्हीचा फक्त उजवा काठ दिसे, त्यामुळे उजवीकडे उभ्या राहणाऱ्या मुली माझ्या अधिक परिचयाच्या आहेत. आजीला हिंदी कळत नसे आणि ऐकूही कमी येई. म्हणून आवाज मोठा असे आणि आत्या प्रत्येक वाक्य ओरडून मराठीत सांगे. टीव्हीवरचा ध्वनिमुद्रित हशा आधी, आत्याचे भाषांतर नंतर आणि आजीचे हसू सर्वांत शेवटी, असा प्रत्येक विनोद आतल्या खोलीत तीन हप्त्यांत पोहोचत असे. फोटो त्या फटीतून कधीच दिसला नाही, आणि आत्याने तो आजीला पहिल्याच आठवड्यात समजावून दिलेला असल्यामुळे पुन्हा कुणी त्याचा उल्लेख केला नाही. मला ऐकू येई तो एका शांत, किंचित चिडवणाऱ्या बाईचा आवाज. त्या गोंधळात नवऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारी ही एकटीच कोण, याचा मी खूप विचार केला आणि त्या घरात कोपऱ्यातल्या खोलीत राहणारी एखादी समंजस मोठी वहिनी असावी, असा निष्कर्ष काढला. मार्चमध्ये परीक्षा संपली, मी पडद्याबाहेर आलो आणि ती बाई मेलेली आहे असे मला कळले. आम्हा दोघांचा चांगला परिचय झालेला असल्यामुळे मला ते बरेच लागले. वाचकांनी असले तपशील चारचौघांत सांगू नयेत. त्याने आठवणीचा गोडवा कमी होतो.

नावे मात्र भरपूर घ्यावीत. आनंद माथुर अशोक सराफांनी उभा केला होता, एवढे म्हणून न थांबता ‘अशोकमामा’ म्हणावे, म्हणजे आपले त्यांच्याकडे जाणे-येणे असल्याचा भास होतो. त्यांना २०२३ चा महाराष्ट्र भूषण आणि २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, त्याचे श्रेय माथुरांच्या घरात त्यांनी सोसलेल्या हालांना द्यावे. सुरुवातीच्या भागांतली राधिका विद्या बालन होती, ही माहिती उपस्थितांपैकी सर्वांना असली तरी ती गुपित फोडल्याच्या स्वरात सांगावी आणि ‘मी तेव्हाच म्हटले होते’ असे पुढे जोडावे. हिंदी चित्रपटात ती नायिका म्हणून आली ते २००५ साली. दरम्यानच्या दहा वर्षांत आपण ही भविष्यवाणी कुणापाशी केली होती, असे सहसा कुणी विचारत नाही. पुढे राधिकेची भूमिका अमिता नांगियांनी केली, तेव्हा आमच्या घरात बदल फक्त आजीच्या लक्षात आला, आणि तिने ‘पोरीला चष्मा मानवला’ एवढीच नोंद घेतली.

फोटोतल्या प्रिया तेंडुलकरांबद्दल बोलताना मात्र थोडे सांभाळावे. १९८५ साली दूरदर्शनवर ‘रजनी’ होऊन टॅक्सीवाल्यांपासून गॅसवाल्यांपर्यंत सगळ्यांना धारेवर धरणाऱ्या बाईला दहा वर्षांनी एका चौकटीत बसवले, तरी तिला गप्प बसवणे कुणाला जमले नाही, हे वाक्य टाळ्या घेणारे आहे. २००२ साली त्या खरोखरच गेल्या. ते आठवले की टाळ्या घ्याव्याशा वाटत नाहीत, म्हणून आठवू नये.

आता एक नाजूक मुद्दा. जुन्या मालिकांची आठवण काढताना नव्यांना शिव्या देणे क्रमप्राप्त असते आणि त्यात सासू-सुनांच्या मालिकांनी टीव्हीचे वाटोळे केले हे कलम यायलाच हवे. अडचण अशी की ‘हम पाँच’ बनवली ती बालाजी टेलिफिल्म्सने, म्हणजे एकता कपूर यांनी, आणि २००० साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आणली तीही त्यांनीच. ज्या हाताला आपण ओवाळायचे त्याच हातावर छडी मारायची, असा हा पेच आहे. यावर उपाय एकच. या दोन गोष्टी डोक्याच्या दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात आणि दोन्ही कप्पे एका वेळी उघडू नयेत. आमच्या आत्याला हे सहज साधले. तिने दोन्ही मालिका सारख्याच निष्ठेने पाहिल्या आणि दोन्हींच्या वेळी शेजारच्या काकूंचे मटार संपले.

घराच्या मांडणीकडेही लक्ष द्यावे. गर्दीच्या घराची ओढ लागण्यासाठी घर पुरेसे रिकामे असावे लागते, आणि त्यासाठी घोडबंदर रोडवर अडीच खोल्यांचा का होईना पण सातव्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यावा. माणशी एक पडदा असावा. आमच्या घरी मी बाहेरच्या मोठ्या टीव्हीवर बातम्या पाहतो, सौ. आतल्या खोलीत टॅबवर पाककृती पाहते आणि कन्या कानांत बोळे घालून मोबाईलवर कोरियन मालिका पाहते. घरात इतकी शांतता असते की फ्रिज सुरू झालेला ऐकू येतो. आठवण काढायला यापेक्षा अनुकूल वातावरण मिळणार नाही. मी सुस्कारा सोडला की कन्या कानातला एक बोळा काढून ‘काही म्हणालात का, बाबा?’ असे विचारते आणि उत्तर येण्यापूर्वी तो परत घालते.

भिंतींवर काही लावू नये, असे आमच्या इंटीरियरवाल्याचे मत पडले. नौपाड्यातून आणलेला आजीचा फोटो, चंदनाच्या हारासकट, भिंतीच्या दुधाळ रंगाशी जात नव्हता. तो सध्या माळ्यावर सुटकेस आणि गणपतीच्या मखराचे खोके यांच्यामध्ये उभा आहे. दर भाद्रपदात मखर काढताना मी तो बाजूला सरकवतो आणि काच पुसतो. त्या वेळी मला माथुरांच्या भिंतीवरची चौकट हटकून आठवते, आणि तिथे आनंदरावांना रोज ऐकून घ्यावे लागे तसे मला काय काय ऐकावे लागेल, याचा अंदाज येतो. आजी फार स्पष्ट बोलत असे. अशा वेळी शिडीवर जास्त वेळ थांबू नये.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की ज्या मालिकेची आठवण काढायची ती पुन्हा कधीही पाहू नये. हा नियम मी स्वतः मोडला, म्हणून अधिकाराने सांगतो. आमच्या सोसायटीने क्लब हाऊसमध्ये जुन्या मालिकांची संध्याकाळ ठरवली, ती माझ्याच सूचनेवरून. मोबाईल प्रोजेक्टरला जोडला, बटाटेवडे आले, खुर्च्या पुरेनात आणि एक भाग सुरू झाला. पहिल्या पाच मिनिटांत सगळे भरून आल्यासारखे हसले. त्यानंतर लक्षात येऊ लागले की हशा मुख्यतः पडद्याकडूनच येत आहे. राधिकेच्या बहिरेपणावर एक विनोद झाला, मग दुसरा झाला, आणि पुढच्या रांगेत श्रवणयंत्र लावून बसलेल्या गृहस्थांकडे न पाहण्याची सगळ्यांनी खटपट केली. (ते स्वतः सर्वांत मोठ्याने हसत होते, हे नमूद केले पाहिजे.) माझी अडचण निराळी होती. पाचही मुली एकदम दिसत होत्या आणि प्रत्येक वाक्य एकदाच ऐकू येत होते. मराठीतून कुणी ओरडून सांगत नव्हते. ती मालिका मला अनोळखी वाटली.

येथे आमच्या डोक्यावर, आठव्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाची ओळख करून द्यायला हवी. त्यांना तीन मुली आहेत. त्या खुर्च्या ओढतात, रात्री दहानंतर एकमेकींच्या अंगावर उशा फेकतात, आणि एकीने दुसरीचा कंगवा घेतल्यावरून झालेले भांडण आमच्या न्हाणीघरात शब्दशः ऐकू येते. याबद्दल मी कमिटीकडे दोन लेखी तक्रारी केलेल्या आहेत. दुसरीत ‘सुसंस्कृत वस्तीस न शोभणारा कोलाहल’ असे शब्द असून सेक्रेटरींनी त्यांचे खास कौतुक केले होते. वाचकांनी असा तक्रारअर्ज करताना भाषा अशीच संयमित ठेवावी आणि जुन्या मालिकांच्या संध्याकाळीच्या सूचनेचा कागद त्याच पाकिटात घालू नये. मी घातला होता.

तर त्या तिघी त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत, जमिनीवर येऊन बसल्या. पडद्यावर फोटोतली बाई बोलू लागली तशी मधलीने ‘ही मेलेली आहे का?’ असे विचारले. थोरली म्हणाली, हो. धाकटी म्हणाली, मेलेली असती तर बोलली कशी असती, ती आतल्या खोलीत राहत असणार. त्यावर दोघींनी तिला वेड्यात काढले, धाकटीने वडा फेकला, थोरलीने वेणी ओढली आणि तिघींचा आवाज असा काही चढला की मला उठून पुढे जावे लागले. मी त्यांना ताबडतोब गप्प बसण्यास सांगितले, कारण पडद्यावर माथुरांच्या पाच मुलींचे कडाक्याचे भांडण जुंपले होते आणि आम्हा मोठ्यांना त्यातले एक अक्षर ऐकू येत नव्हते.