चावी चहाला गेलीय

स्टेशनचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर बाकीच्या स्टेशनांवर अन्याय होईल. एवढंच सांगते की परवा लोकलमधून उतरले तेव्हा मला जायचं होतं. कुठे ते कळलंच असेल. बायकांच्या बाजूच्या दाराला हे भलंमोठं कुलूप. पुरुषांच्या बाजूला मुळात दारच नाही, त्यामुळे कुलपाचा प्रश्नच मिटला. मधे एक टेबल, त्यावर चिल्लरचा डबा, मागे रिकामी खुर्ची.

"चावी चहाला गेलीय," बाकावरून आवाज आला.

सत्तरीचे काका. शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर आणि पास, आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा की या माणसाला आयुष्यात कुठेच जायचं नाहीये, कुठल्याही अर्थाने. मी विचारलं कधी येईल, तर म्हणाले येईल हो, बसा. आता मला बसणं शक्य नव्हतं पण हे त्यांना कसं सांगणार. त्यांनी माझ्या उभं राहण्याचा अर्थ श्रोता असा घेतला.

"ताई, आपण उभ्या आहात ना, ती देशातली पहिली प्रवासी लाइन. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. ३४ किलोमीटर. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी! आणि इंजिनं किती, सांगा."

"काका, कुठल्या टपरीवर गेलाय तो?"

"तीन! साहिब, सिंध आणि सुलतान."

मी या पायावरून त्या पायावर. "आणि त्या ४०० जणांची सोय काय केली होती?"

"सोय म्हणजे? बँड होता की!"

बरं, यांचा उत्साह इतका खरा होता की रागावताही येईना. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बरवरून पहिली विजेवरची गाडी धावली हे त्यांनी असं सांगितलं जणू स्विच यांनीच दाबला. मधेच इंडिकेटर बदलला, आठच्या जागी बारा डबा लागला, अर्धा प्लॅटफॉर्म पळाला, काका ढिम्म. मग म्हणाले, "तुम्हाला घाई दिसतेय, म्हणून एक गंमत सांगतो." आणि जगातल्या सगळ्या गोष्टींतून त्यांनी कुठली निवडावी, तर ओखिलबाबूंची! हे बंगाली गृहस्थ फणस खाऊन पोट फुगल्यावर अहमदपूर स्टेशनात उतरले, कार्यभाग चालू असताना गार्डने शिट्टी मारली, हे एका हातात लोटा आणि दुसऱ्यात धोतर धरून धावले आणि सगळ्यांदेखत पडले. १९०९ साली त्यांनी रेल्वेला खरमरीत पत्र लिहिलं, आणि त्यामुळे म्हणे गाड्यांत संडास आले. काका हसून हसून मागे रेलले. मला हसणं परवडणारं नव्हतं.

आणि खरं सांगू, मला ओखिलबाबूंचा हेवाच वाटला, निदान त्यांचं काम सुरू तरी झालं होतं. इकडे लोकलला वीज येऊन शंभर वर्षं झाली, २०१७ च्या डिसेंबरात एसी लोकलही आली, पण संडास कुठल्याच लोकलमध्ये नाही. मी म्हणत नाहीये की बसवा, जिथे माणूस दारात लोंबकळतो तिथे संडास ठेवणार कुठे. पण कसाऱ्याहून सीएसएमटीला यायला अडीच तास लागतात, मग स्टेशनातला तरी उघडा असू दे ना. माझ्या डब्यातल्या निम्म्या बायका घरून निघाल्यापासून ऑफिसला पोचेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत, बाटली पर्समध्ये असते, नुसती वागवायची. मुंबईतल्या बायकांना २०११ मध्ये 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जायच्या हक्काची, चळवळ उभी करावी लागली. यासाठी चळवळ! सेल्फी पॉइंटसाठी कुणाला मोर्चा काढावा लागल्याचं ऐकलंय? तो बरा आपोआप येतो, लाइटसकट.

"बायकांना रेल्वेने काय कमी दिलंय का," काका माझं मन वाचल्यासारखे म्हणाले, "१९९२ ला आख्खी लेडीज स्पेशल सोडली चर्चगेटवरून, मेची ५ तारीख!"

तेवढ्यात चावी आली. तंबाखू मळत, सावकाश. मी काय झेप घेतली ते विचारू नका, आतलं वर्णनही करत नाही, कडी नव्हती आणि पर्स दातात होती एवढं पुरे.

बाहेर आले तर, "ताई, पाच रुपये."

वर पाटी, लघवी मोफत. मी बोट दाखवलं.

"ते जेन्टसला. तुम्ही आत जाऊन काय केलं ते आम्हाला काय दिसतंय?"

याला काय उत्तर देणार? पुरावा आणायचा होता का? मी काकांकडे पाहिलं, इतका इतिहास जाणणारा माणूस, म्हटलं एक वाक्य तरी आपल्या बाजूने बोलेल.

"द्या हो ताई, पाच रुपयांत काय जातंय," असं म्हणत काका उठले, बिनदाराच्या बाजूने आत गेले आणि फुकटात, शीळ घालत बाहेर आले.

मी दहाची नोट टेकवली. डब्यात चिल्लरचा ढीग. तो म्हणतो, "सुट्टे नाहीत. संध्याकाळी परतताना जाऊन घ्या, त्यात वळते करू."