मान घासून इन्सुलिन जात नाही

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, पीसीओडी (म्हणजेच पीसीओएस, बायकांच्या अंडाशयाचा आणि हार्मोन्सचा बिघाड) म्हणजे पिझ्झा, मोबाईल आणि उशिरा उठणं, आमच्या वेळी कुठे होतं हे असलं, आणि त्याखाली मावशी, काकू, सगळ्यांचे अंगठे. माझी सांगलीची मामेबहीण त्याच ग्रुपवर आहे, २३ वर्षांची, पाळी तीन-तीन महिने येत नाही, वजन ७८. ती काहीच बोलली नाही. मी इकडे मेलबर्नमध्ये ते वाचलं आणि रात्रभर डोक्यातनं गेलं नाही.

आमच्या वेळी होतंच की. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ सालीच हे लिहून ठेवलंय, तेव्हा कुठला मोबाईल.

नववीत असताना माझ्या मानेवर काळा पट्टा आला. आई दर रविवारी बेसन-दही-लिंबू लावून घासायची, मान लालभडक व्हायची, आग व्हायची आणि काळं तसंच, वर काकू म्हणायच्या की पोरगी नीट आंघोळ करत नाही. तो मळ नव्हताच. रक्तात इन्सुलिन सारखं जास्त राहिलं की मानेची, काखेची कातडी अशी जाड आणि काळी पडते. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी सोडतं, ते जादाचं इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, शिवाय टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं एसएचबीजी हे लिव्हरमधलं प्रोटीन कमी करतं, मग हनुवटीवर केस येतात, पाळी लांबते, पोटावर चरबी चढते आणि ती चरबी परत इन्सुलिनचं काम बिघडवते. म्हणजे माझ्या मानेवर सगळं लिहिलेलं होतं आणि आम्ही ते लिंबानं पुसत होतो!

आणि हे येतं कुठून, तर बऱ्याच अंशी घरातूनच. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या २००६ च्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ ७० टक्के निघाला. वजनाचंही तसंच, एफटीओ जीनचा वजन वाढवणारा प्रकार आईवडील दोघांकडून आला तर सरासरी तीनेक किलो जास्त भरतात, आणि वजन वाढवणारी जीन्स ज्यांच्यात जास्त त्यांना पीसीओएसचा धोकाही जास्त. माझ्या आजोबांना शुगर, मामाला चाळिशीत बीपीची गोळी, त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही. पोरीलाच का?

व्यायाम-खाणं सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये, पाच-दहा टक्के वजन उतरलं तरी पुष्कळजणींची पाळी सुधारते. पण तिला ते उतरवायला जास्त झगडावं लागतं हे मान्य तरी करा.

इथे मेलबर्नमध्ये मला फरक पहिल्यांदा जाणवला तो डॉक्टरकडच्या वजनकाट्यापाशी. नर्सने विचारलं, वजन केलं तर चालेल का? मी १५ वर्षं काट्यावर ढकलली गेले होते, मला रडूच आलं. मोनाश युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने २०२३ साली आलेल्या पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येच आहे की परवानगी घेऊन वजन करा, डिप्रेशन-एंग्झायटीची चौकशी करा. पण इथलं सगळं सोनं नाही. माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तेव्हा २४, इथल्या एका डॉक्टरने २५ च्या खाली आहे म्हणजे नॉर्मल असं सांगून परत पाठवलं. भारतात २३ लाच जास्त वजन धरतात आणि ते बरोबर आहे, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २००४ सालचा फोटो प्रसिद्ध आहे, ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी, दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि त्या सहकाऱ्याची ९.१. आपल्या हाडामासाचं गणित आपल्याकडच्याच डॉक्टरला चांगलं कळतं, फक्त त्याने पोरीला लग्नाआधी बारीक हो म्हणून घरी पाठवू नये.

काल मामाला फोन केला. म्हटलं, मामा, तिला साखरेचं पाणी पाजून दोन तासांनी शुगर बघतात ती टेस्ट करायला न्याल ना, तेव्हा तुमचीही करून घ्या, हे तुमच्याकडूनही आलेलं असू शकतं. बराच वेळ तिकडून काही आवाज नाही. मग म्हणाला, उपाशीपोटी जायचं का गं?